आयगेन मूल्यांच्या संगणनासाठी सॉफ्टवेअर लायब्ररीचा इंटरफेस : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक :

साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण तिच्या शब्दयोजनेचा विचार करतो. संगणकीय लायब्ररीचे मूल्यमापन मात्र बहुधा वेग आणि अचूकता या दोनच निकषांवर केले जाते. ती आपल्याशी कोणत्या भाषेत बोलते, काय विचारते, काय गृहीत धरते आणि चूक झाली असता काय सांगते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. फलनाचे नाव, त्याला द्यावयाची माहिती, तिचा क्रम, परत मिळणारे उत्तर आणि अपयशाची सूचना या सर्वांना मिळून ‘इंटरफेस’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात आव्यूहाची म्हणजे मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये काढणाऱ्या काही प्रचलित लायब्रऱ्यांच्या इंटरफेसचा चिकित्सक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय केवळ गणित विभागाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. मानसशास्त्रातील घटक विश्लेषण, अर्थशास्त्रातील आदान-प्रदान सारण्या, प्राणिशास्त्रातील वयोगटनिहाय लोकसंख्येची प्रतिमाने, भूगोलातील दूरसंवेदन प्रतिमांचे पृथक्करण या सर्वांच्या मुळाशी आयगेन मूल्येच असतात. आपल्या महाविद्यालयांतील विविध विभागांत शोधप्रकल्प करणारे अनेक प्राध्यापक ही मूल्ये दररोज काढतात. मात्र आपण ती काढत आहोत, याची जाणीव त्यांना असतेच असे नाही. एखाद्या सदिशाला आव्यूहाने गुणले असता त्याची रेषा न बदलता तो केवळ लहान किंवा मोठा होत असेल, तर तो त्या आव्यूहाचा आयगेन सदिश होय, आणि तो जितक्या पटींनी बदलला ती पट म्हणजे आयगेन मूल्य. ‘आयगेन’ हा मूळ जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘स्वतःचे’ असा आहे. मराठीत ‘लाक्षणिक मूल्य’ असेही म्हटले जाते.

घाटातील गाडी :

चर्चा हवेत राहू नये म्हणून आपल्या परिसरातीलच एक उदाहरण घेऊ. कर्जतहून लोणावळ्याकडे येणारा भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. त्यामुळे बहुसंख्य गाड्यांना कर्जत येथे पाठीमागून ढकलणारी जादा इंजिने जोडली जातात आणि लोणावळ्यास ती सोडवून घेतली जातात. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. लोणावळा स्थानकावर बँकर सुटताना गाडीला बसणारा हलका हिसका मावळातल्या प्रत्येक प्रवाशाच्या परिचयाचा आहे. पुढून ओढ, मागून रेटा आणि मधल्या डब्यांच्या जोडण्यांत साठणारा ताण, अशी ही रचना असते.

डबे म्हणजे वस्तुमाने आणि जोडण्या म्हणजे स्प्रिंगा असे मानले की गाडीचे सोपे गणिती प्रतिमान तयार होते. सारख्या वजनाचे तीन डबे असतील आणि प्रत्येक जोडणीची ताठरता १ असेल, तर ताठरतेच्या आव्यूहाच्या तीन ओळी (१, −१, ०), (−१, २, −१) आणि (०, −१, १) अशा येतात. त्याची आयगेन मूल्ये ०, १ आणि ३ आहेत. प्रत्येक मूल्याचे वर्गमूळ म्हणजे गाडीच्या आंदोलनाची एक नैसर्गिक वारंवारता. मूल्य १ चा सदिश (१, ०, −१) हा आहे, म्हणजे मधला डबा स्थिर आणि टोकाचे दोन डबे परस्परविरुद्ध हलणारे. मूल्य ३ चा सदिश (१, −२, १) आहे. त्यात मधला डबा एकीकडे आणि टोके दुसरीकडे जातात. मूल्य ० चा सदिश (१, १, १) असून त्याचा अर्थ सर्व डबे एकत्र पुढे सरकतात, जोडण्या ताणल्या जात नाहीत. आयगेन मूल्य शून्य आहे म्हणूनच गाडी रुळावरून धावू शकते. विद्यार्थ्याला हे सांगितले म्हणजे शून्य हे ‘क्षुल्लक’ उत्तर नव्हे, हे त्याला लगेच पटते.

चोवीस सारख्या डब्यांची गाडी घेतली तर शून्याखेरीज सर्वांत लहान मूल्य सुमारे ०.०१७१ आणि सर्वांत मोठे सुमारे ३.९८३ येते. लहान मूल्य म्हणजे संपूर्ण गाडीचे संथ आकुंचन-प्रसरण, आणि मोठे मूल्य म्हणजे शेजारशेजारच्या डब्यांची जलद ओढाताण. अभियंत्याला बहुधा खालच्या टोकाची दोन-चार मूल्येच हवी असतात. ही बाब पुढील चर्चेत महत्त्वाची ठरेल.

सहा अक्षरांची नावे :

पाच किंवा अधिक घातांच्या बहुपदीची मुळे काढण्यासाठी केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे यांचे सर्वसामान्य सूत्र असू शकत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले. आयगेन मूल्ये ही लाक्षणिक बहुपदीची मुळे असल्याने मोठ्या आव्यूहासाठी ती टप्प्याटप्प्यानेच जवळ आणावी लागतात. जेकोबीने १८४६ मध्ये सममित आव्यूहासाठी अशी एक रीत दिली. १९६१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन फ्रान्सिस यांनी आणि लेनिनग्राडमध्ये व्हेरा कुब्लानोव्हस्काया यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे क्यूआर ही रीत मांडली. जी रीत टप्प्याटप्प्याने चालते ती क्वचित अडकूही शकते. म्हणून आयगेन मूल्यांच्या कोणत्याही इंटरफेसमध्ये ‘उत्तर मिळाले नाही’ असे सांगण्याची सोय असणे ही सौजन्याची नव्हे, तर गणिताची गरज आहे.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. आपली पाठ्यपुस्तके आजही लाक्षणिक बहुपदी मांडून तिची मुळे काढावयास शिकवतात. तीन ओळींच्या आव्यूहाला ते ठीक आहे. परंतु विल्किन्सन यांनी दाखविल्याप्रमाणे १ ते २० ही मुळे असलेल्या बहुपदीतील केवळ एक सहगुणक, −२१०, हा दोनाच्या तेविसाव्या घाताने एकास भागून येणाऱ्या अत्यल्प संख्येने बदलला, तरी तिची दहा मुळे संमिश्र होतात. हातांनी शिकविलेली रीत संगणकावर वापरू नये, हे सांगणारा परिच्छेद पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही.

विल्किन्सन आणि राइन्श यांनी संपादित केलेल्या १९७१ च्या ग्रंथातील अल्गोल भाषेतील कार्यपद्धती फोरट्रानमध्ये आणून अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने ‘आइसपॅक’ हा संच तयार केला. त्याची पहिली आवृत्ती १९७२ ची. त्याचा वारसा सांगणारी ‘लॅपॅक’ ही लायब्ररी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक गणिती सॉफ्टवेअरच्या तळाशी ती किंवा तिची सुधारित रूपे आहेत. त्या काळच्या फोरट्रानमध्ये नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे. म्हणून लॅपॅकमध्ये ‘डीएसवायईव्ही’ यासारखी नावे आली. पहिले अक्षर संख्येचा प्रकार सांगते, पुढील दोन आव्यूहाचा प्रकार, आणि उरलेली करावयाचे काम. ‘एसवाय’ म्हणजे सममित, ‘जीई’ म्हणजे कोणताही सर्वसाधारण आव्यूह.

ही नावे कानाला कठोर आहेत, यात शंका नाही. सममित आव्यूहाच्या फलनास नऊ आणि सर्वसाधारण आव्यूहाच्या फलनास चौदा बाबी पुरवाव्या लागतात. कामासाठी लागणारी जागा वापरणाऱ्याने स्वतः मोजून द्यावयाची; ती किती हे ठाऊक नसेल तर एका बाबीत −१ लिहून आधी विचारून घ्यावयाचे. मूळ आव्यूह परत मिळत नाही, कारण त्याच जागेत हिशेब केला जातो. सर्वसाधारण आव्यूहाची मूल्ये संमिश्र आली तर त्यांचे वास्तव आणि काल्पनिक भाग दोन वेगळ्या यादींत येतात, आणि सदिशांचे दोन भाग शेजारच्या दोन स्तंभांत ठेवले जातात. ज्याला हे ठाऊक नाही, तो त्या दोन स्तंभांना दोन वास्तव सदिश समजून पुढे जातो. हे दोष प्रस्तुत लेखक नाकारीत नाही.

तथापि या कठोर नावांत एक गुण आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. ‘एसवाय’ आणि ‘जीई’ यांपैकी एक लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपला आव्यूह सममित आहे की नाही, हा प्रश्न वापरणाऱ्याने स्वतःला विचारावाच लागतो. सममित असेल तर मूल्ये वास्तव येतात, सदिश परस्परांस लंब असतात आणि लहानशा त्रुटीने मूल्ये फारशी हलत नाहीत. सममित नसेल तर यांपैकी कशाचीही हमी नाही. म्हणजे नावातील दोन अक्षरे ही गणितातील एका मोठ्या प्रमेयाची खूण आहे.

एक सोपे नाव :

क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिको विद्यापीठात मॅटलॅबची पहिली आवृत्ती लिहिली, ती विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता आइसपॅक आणि लिनपॅक यांचा वापर करता यावा म्हणून. अर्थात ‘आयग’ हे तीन अक्षरांचे नाव वर्गाच्या गरजेतून जन्मले, हे विसरता कामा नये. सायलॅबमध्ये त्याच कामास ‘स्पेक’ म्हणतात, मॅक्झिमात ‘आयगेनव्हॅल्यूज’, पायथॉनच्या नमपाय या लायब्ररीत पुन्हा ‘आयग’.

गेल्या दोन दशकांत सायलॅब, मॅक्झिमा आणि पायथॉन ही नावे आपल्या पदवी स्तरावरील गणिताच्या प्रात्यक्षिकांत रुळली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराचे जे कार्य केले, त्याचा लाभ ग्रामीण महाविद्यालयांना मोठ्या प्रमाणात झाला. परवान्याचे शुल्क नाही, ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या दृष्टीने लहान नव्हे. मात्र एकाच विद्यार्थ्याच्या हाती तीन वर्षांत दोन-तीन वेगळे इंटरफेस येतात आणि ते परस्परांशी जुळत नाहीत, याचा विचार अभ्यासक्रमात होत नाही.

मॅटलॅब आणि सायलॅबमध्ये दोन उत्तरे मागितली तर आधी सदिश येतात आणि नंतर मूल्ये. नमपायमध्ये आधी मूल्ये येतात आणि नंतर सदिश. मॅटलॅबमध्ये एकच उत्तर मागितले तर केवळ मूल्ये मिळतात. डाव्या बाजूला किती नावे लिहिली यावर उजव्या बाजूचा अर्थ बदलतो. मॅक्झिमा मूल्यांची एक यादी आणि प्रत्येक मूल्य किती वेळा येते याची दुसरी यादी देते. गणिताच्या दृष्टीने हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय. पण ती बहुपदीची मुळे बीजगणिताने काढू पाहत असल्याने मोठ्या आव्यूहापुढे पुष्कळदा हात टेकते. नमपायने २०२३ मधील १.२५ या आवृत्तीपासून उत्तराच्या दोन भागांना नावे दिली. क्रम पाठ करण्याऐवजी नावाने मागता येऊ लागले. ही सुधारणा छोटी आहे, पण ज्याने प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासल्या आहेत त्याला तिचे मोल सांगावे लागत नाही.

सदिश स्तंभात असतात की ओळीत, हाही असाच प्रश्न. नमपाय ते स्तंभात ठेवते. पायथॉनमध्ये मात्र ‘पहिला घटक’ म्हटले की पहिली ओळ मिळते, स्तंभ नव्हे. सारख्या वजनाच्या दोन डब्यांच्या उदाहरणात ओळ घेतली तरी तीही आयगेन सदिशच निघते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. तीन डबे घेताच ती उघडी पडते. आपली प्रात्यक्षिके पुष्कळदा दोन ओळींच्या आव्यूहावरच थांबतात.

याहून अधिक गोंधळ सदिशाच्या लांबीचा. पुस्तकात उत्तर (१, −२, २) असे पूर्णांकांत असते. नमपाय त्याची लांबी १ करून (०.३३३, −०.६६७, ०.६६७) असे देते, किंवा सर्व चिन्हे उलटी करून देते. दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत, कारण आयगेन सदिश म्हणजे वस्तुतः एक रेषा. परंतु विद्यार्थी पुस्तकाच्या शेवटची उत्तरे पाहतो, आपले उत्तर खोडतो आणि पुस्तकातले लिहून देतो. उत्तर पुस्तकाशी ताडून पाहणे ही पडताळणीची रीत येथे अपुरी पडते. आव्यूहाने गुणून पाहणे हीच खरी पडताळणी, आणि ती कोणत्याही लायब्ररीत एका ओळीचे काम आहे.

निमूटपणे चुकणारे उत्तर :

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घाटातील गाडीत सर्वांचे वजन सारखे नसते. इंजिन डब्याच्या दुपटीहून जड असते. सोयीसाठी ते दुप्पट मानू आणि एक इंजिन व एक डबा इतकीच गाडी घेऊ. ताठरतेचा आव्यूह (१, −१), (−१, १) हा सममित आहे. वस्तुमानाच्या आव्यूहात कर्णावर २ आणि १ आहेत. पुस्तकातील रीतीप्रमाणे पहिल्या ओळीला २ ने भागले की (०.५, −०.५), (−१, १) असा आव्यूह मिळतो. त्याची आयगेन मूल्ये ० आणि १.५ आहेत, हे कोणीही कागदावर करून पाहू शकेल. मूल्ये वास्तव आहेत, पण आव्यूह आता सममित राहिलेला नाही.

नमपायमध्ये सममित आव्यूहासाठी ‘आयगएच’ हे वेगळे फलन आहे. ‘कंपनाचे प्रश्न सममित असतात’ हे वाक्य वर्गात ऐकलेला विद्यार्थी साहजिकच ते वापरतो. प्रस्तुत लेखकाने स्वतःही एकदा वर्गासमोर तेच केले. ‘आयगएच’ आव्यूहाचा केवळ कर्ण आणि त्याखालचा त्रिकोण वाचते. वरचा त्रिकोण पाहतच नाही. वरील आव्यूहात ते −०.५ च्या जागी −१ आहे असे समजते आणि सुमारे −०.२८१ आणि १.७८१ ही मूल्ये देते. वरचा त्रिकोण वाचण्यास सांगितले तर ०.१९१ आणि १.३०९ मिळतात. दोन्ही वेळा कोणताही इशारा येत नाही. संख्या नीटनेटक्या, चढत्या क्रमाने, आठ दशांश स्थळांपर्यंत छापल्या जातात.

त्या संख्यांचा अर्थ लावून पाहावा. पहिल्या उत्तरात एक मूल्य ऋण आहे. याचा अर्थ गाडी लोणावळ्याच्या फलाटावर उभी असता किंचित धक्का लागला तरी इंजिन आणि डबा आपोआप वाढत्या वेगाने दूर जातील. दुसऱ्या उत्तरात शून्य कोठेच नाही, म्हणजे ही गाडी रुळाला खिळलेली असून ती पुढे सरकूच शकत नाही. एका उत्तराने गाडी तुटते, दुसऱ्याने ती हलत नाही. दोन ओळींच्या आव्यूहात हे चटकन दिसते. चोवीस डबे, पुढचे इंजिन आणि मागचे बँकर घेतले, तर सव्वीस-सत्तावीस मूल्यांच्या यादीत हे कोणाच्या लक्षात येणार?

या वर्तनाचे समर्थनही केले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. सममित आव्यूहाचा अर्धा भागच साठविला तर स्मृती वाचते. उरलेल्या भागात काहीही असू शकते. तेथे तपासणी केली तर खऱ्या वापरकर्त्याला त्रास होईल. हा मुद्दा लॅपॅकच्या स्तरावर निर्विवाद योग्य आहे. तेथे ‘यूपीएलओ’ ही बाब लिहावीच लागते. कोणता त्रिकोण वाचावा, हे वापरणारा जाणून सांगतो. नमपायने ती बाब ऐच्छिक केली आणि न सांगितल्यास खालचा त्रिकोण गृहीत धरला. प्रश्न विचारणे थांबले, पण उत्तर गृहीत धरणे चालू राहिले. खर्चाचे म्हणाल, तर हजार ओळींच्या आव्यूहाची सममितता पाहण्यासाठी सुमारे पाच लाख तुलना लागतात आणि त्याची आयगेन मूल्ये काढण्यास शंभर कोटींहून अधिक क्रिया. तपासणीचा खर्च नगण्य आहे.

मॅटलॅब येथे वेगळा मार्ग स्वीकारते. ‘आयग’ स्वतःच आव्यूह तंतोतंत सममित आहे का ते पाहते आणि त्यानुसार रीत निवडते. वरवर पाहता हा उपाय आदर्श वाटतो. परंतु तीन आव्यूहांच्या गुणाकारातून आलेला, कागदावर सममित असलेला आव्यूह सोळाव्या स्थळावरील पूर्णांकनामुळे किंचित असममित होतो, आणि मग लायब्ररी निमूटपणे दुसरी रीत निवडते. सदिश लंब राहत नाहीत, मूल्यांना कधी क्षुल्लक काल्पनिक भाग चिकटतो. म्हणजे येथेही निर्णय झाला, पण कोणी केला हे कळले नाही.

जूलिया या भाषेत आव्यूहाला ‘सिमेट्रिक’ असे आवरण घालता येते. मग तो आव्यूह जेथे जाईल तेथे ती ओळख बरोबर नेतो. सी प्लस प्लसमधील ‘आयगेन’ या लायब्ररीत सममित आणि सर्वसाधारण आव्यूहांसाठी वेगवेगळ्या वर्गांची नावे पूर्ण शब्दांत लिहावी लागतात. येथे लॅपॅकमधील त्या दोन अक्षरांचा गुण वाचनीय स्वरूपात परत आलेला दिसतो. प्रस्तुत लेखकास हीच दिशा योग्य वाटते.

गाडीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तर भागाकार न करण्यात आहे. ताठरता आणि वस्तुमान हे दोन्ही आव्यूह सममितच ठेवून ‘व्यापक’ आयगेन प्रश्न म्हणून द्यावयाचे. लॅपॅकमध्ये त्यासाठी स्वतंत्र फलन आहे. सायपायमधील ‘आयगएच’ दुसरी बाब म्हणून वस्तुमानाचा आव्यूह घेते आणि ० व १.५ ही बरोबर मूल्ये देते. शून्याच्या जागी क्वचित सोळाव्या स्थळावरील एखादी ऋण संख्या येते, तिचे वर्गमूळ घेण्यापूर्वी सावध राहावे लागते इतकेच. पण त्याच नावाच्या नमपायमधील फलनात दुसरी बाब ‘यूपीएलओ’ आहे. एकच नाव, एकाच भाषेतील दोन सख्ख्या लायब्रऱ्या, आणि दुसऱ्या जागेचा अर्थ वेगळा. सुदैवाने तेथे आव्यूह दिला असता त्रुटीसंदेश तरी येतो.

असाच अबोला ‘आयग’ मध्येही आहे. (१, १), (०, १) या आव्यूहाला एकच स्वतंत्र आयगेन सदिश आहे. नमपाय दोन देते. दुसरा पहिल्याचाच उलट्या चिन्हाचा, एका घटकात सोळाव्या स्थळाचा कचरा असलेला. अशा प्रकारचा सोळा ओळींचा आव्यूह घेऊन त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दहाचा उणे सोळावा घात ठेवला, तर आयगेन मूल्ये तब्बल ०.१ ने सरकतात. मूल्य किती विश्वसनीय आहे, हे सांगणारे वेगळे फलन लॅपॅकमध्ये आहे. सोप्या नावांपर्यंत ते पोहोचलेले नाही.

मोठे आव्यूह :

आव्यूह लाखो ओळींचा असेल तर सर्व मूल्ये काढणे अशक्य असते आणि गरजेचेही नसते. १९९० च्या दशकातील ‘आरपॅक’ या लायब्ररीने येथे वेगळाच संवाद योजला. ती आव्यूह मागतच नाही. ती एक सदिश देते, ‘याला तुमच्या आव्यूहाने गुणून आणा’ असे सांगून थांबते, आणि आणून दिल्यावर पुढे जाते. वापरण्यास हे कष्टाचे असले तरी आव्यूह कसा साठविला आहे, याच्याशी लायब्ररीचा संबंधच उरत नाही. सायपायमधील ‘आयगएसएच’ हे त्याचेच सोपे रूप. परंतु गाडीची सर्वांत लहान मूल्ये हवी असता ‘लहान’ असे मागितले तर ते फार रेंगाळते. शून्याजवळ केंद्र ठेवून ‘मोठी’ मागावी लागतात, कारण केंद्र दिले की ‘मोठे’ या शब्दाचा संबंध मूळ मूल्यांशी नव्हे, तर केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्ताशी जोडला जातो. शब्द तोच राहून अर्थ पालटतो. शिवाय केंद्र बरोबर शून्यावर ठेवले तर आपल्या गाडीचा आव्यूह व्यस्त करता येत नाही, कारण गाडी धावू शकते! किंचित ऋण केंद्र घ्यावे लागते. हे ज्ञान अनुभवी मंडळींच्या हातात असते, इंटरफेसमध्ये नाही.

वर्गातील एक प्रयत्न :

उपरोक्त विचारांतून प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसमवेत सायपायवर एक लहानसे आवरण लिहिले. पायथॉन ३ मध्ये चलांची आणि फलनांची नावे देवनागरीत लिहिता येतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी वापरली जात नाही. फलनाचे नाव ‘सममित_आयगेन’ असून त्याच्या दोन बाबी ‘ताठरता’ आणि ‘वस्तुमान’ अशा आहेत. त्या नावानेच द्याव्या लागतात, जागेवरून ओळखल्या जात नाहीत. फलन प्रथम सममितता तपासते. ती नसेल तर कोणत्या ओळीत व कोणत्या स्तंभात सर्वाधिक फरक आहे ते सांगून थांबते. उत्तरासोबत प्रत्येक सदिशाने मूळ समीकरण किती अंतराने चुकते, ती संख्याही देते. विद्यार्थ्यांचा पहिला आक्षेप असा होता की, यात ‘जास्त लिहावे लागते’. तो खरा आहे.

खरी अडचण सहनमर्यादेची आली. पूर्णांकनामुळे पडलेला फरक चालवून घ्यावा आणि चुकीने पडलेला अडवावा, तर मर्यादा किती ठेवायची? नमपायमधील तयार तुलना दहाचा उणे आठवा घात इतका निरपेक्ष फरक मान्य करते. जोडणीची ताठरता न्यूटन प्रति मीटरमध्ये लाखांच्या घरात असेल तर ही मर्यादा निरुपद्रवी आहे. पण एकके बदलून तेच घटक दहाच्या उणे नवव्या घाताच्या आसपास आणले, तर वरील असममित आव्यूहदेखील ‘सममित’ म्हणून आत सोडला जातो. आव्यूहातील सर्वांत मोठ्या घटकाच्या प्रमाणात मर्यादा ठेवावी, हा पर्याय बरा वाटतो. मात्र इंजिन, डबा आणि रुळाखालची खडी यांच्या ताठरता एकाच आव्यूहात आल्या की लहान घटकांतील चूक मोठ्यांच्या सावलीत लपते. यावर वर्गात एकमत झाले नाही. तूर्त सहनमर्यादा ही तिसरी बाब केली असून ती लिहिल्याशिवाय फलन चालत नाही.